आकाशगंगा वाहती राहते कशी?

(राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या निमित्ताने झालेल्या एका कार्यक्रमातील भाषणाचे हे संपादित शब्दांकन.)



विज्ञान दिनाच्या व्यासपीठावर वैज्ञानिकाने उभे राहावे, असा संकेत आहे. मी पत्रकार; त्यातून पदवी कला शाखेची. ही अडचण मी संयोजकांच्या कानी घातली, तेव्हा ते म्हणाले, "तुम्हाला जेवढे समजले आहे तेवढेच सांगा, म्हणजे आम्हालाही समजेल." त्या एका अटीवर मी आज आपल्यासमोर उभा आहे.

शहराच्या दिव्यांपासून दूर गेल्यावर, अमावास्येच्या आसपासच्या निरभ्र रात्री, आकाशात एक फिकट पांढरा पट्टा या क्षितिजापासून त्या क्षितिजापर्यंत गेलेला दिसतो. युरोपातील लोकांना त्यात सांडलेले दूध दिसले. आपल्या पूर्वजांना नदी दिसली. त्यांनी तिला आकाशगंगा म्हटले, मंदाकिनी म्हटले. आता या ठिकाणी वक्त्याला एक मोह होत असतो. या नावाचा आधार घेऊन 'आमच्या ऋषींना सारे काही ठाऊक होते' असे ठणकावून सांगितले की टाळ्या हमखास पडतात. मी तो मोह टाळणार आहे. नाव कवीने दिले. मोजमाप पुष्कळ नंतर झाले आणि ज्यांनी ते रात्र-रात्र जागून केले, त्यांचे श्रेय त्यांच्याच पदरात पडले पाहिजे. स्वातंत्र्यवीर सावरकरांनी १९३० च्या दशकात 'किर्लोस्कर' मासिकातून जे विज्ञाननिष्ठ निबंध लिहिले, त्यांचा रोखही हाच होता. जुने ग्रंथ आदराने वाचावेत, पण व्यवहार प्रत्यक्षनिष्ठ विज्ञानाला धरून करावा, असे त्यांचे सांगणे होते.

हे एकदा स्पष्ट केल्यावर मात्र कवीच्या त्या नावाचे कौतुक करण्यास माझी हरकत नाही. कारण गेल्या ऐंशी वर्षांतील संशोधनाचे सार एका वाक्यात सांगायचे, तर दीर्घिका जिवंत राहते ती तिच्यातून वाहणाऱ्या वायूमुळे. हा प्रवाह कसा वाहतो, तो कधी आटतो आणि दोन दीर्घिका एकमेकींत मिसळतात तेव्हा त्याचे काय होते, एवढाच आजचा विषय आहे.

वायूला लागलेली शिस्त

दीर्घिका म्हणजे तारे, वायू आणि धूळ यांचा गुरुत्वाकर्षणाने बांधलेला प्रचंड संसार. आपला सूर्य ज्या दीर्घिकेत आहे, त्या आकाशगंगेत किमान दहा हजार कोटी तारे आहेत. तिचा आकार तबकडीसारखा आहे. या तबकडीचा व्यास सुमारे एक लाख प्रकाशवर्षे. पण सूर्याच्या आसपास तिच्यातील थंड वायूच्या थराची जाडी काहीशे प्रकाशवर्षेच भरते. घरातील उदाहरण द्यायचे, तर हे प्रमाण पापडाचे आहे.

एवढी मोठी वस्तू इतकी सपाट का व्हावी? प्रारंभी वायूचा एक अवाढव्य, अस्ताव्यस्त गोळा असतो. त्यातील ढग वर-खाली, आडवे-तिडवे धावत असतात आणि एकमेकांवर आदळतात. आदळले की तापतात आणि ती उष्णता प्रकाशरूपाने अवकाशात टाकून थंड होतात. अशा रीतीने वर-खाली होणारी धावपळ हळूहळू विझून जाते. परंतु संपूर्ण गोळ्याला जी एक गिरकी असते, ती मात्र अशी विझवता येत नाही. तिला भौतिकशास्त्रात कोनीय संवेग म्हणतात. गिरकी घेणारी नर्तिका पसरलेले हात जवळ घेते तेव्हा तिची गिरकी वेगवान होते, तो याच नियमाचा परिणाम. वायू आत येतो, अधिक वेगाने फिरू लागतो, आणि अखेरीस एका प्रतलात, एका दिशेने फिरणारी तबकडी तयार होते.

ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही की, ही शिस्त फक्त वायूलाच लावता येते. तारे आकाराने इतके लहान आणि परस्परांपासून इतके दूर असतात की, ते एकमेकांवर जवळजवळ कधीच आदळत नाहीत. म्हणून त्यांची धावपळ विझतही नाही. आकाशगंगेतील बहुतेक तारे आज एका प्रतलात फिरतात, कारण ज्या वायूतून ते जन्मले तो आधीच शिस्तीत फिरत होता. आपला सूर्य केंद्रापासून सुमारे २६ हजार प्रकाशवर्षांवर आहे आणि सेकंदाला २२० ते २३० किलोमीटर वेगाने प्रदक्षिणा घालतो. एक प्रदक्षिणा पुरी व्हायला साधारण २२ ते २३ कोटी वर्षे लागतात. सूर्य याआधी एकदा या ठिकाणी होता, तेव्हा पृथ्वीवर डायनासोर नुकते अवतरत होते.

पारतंत्र्यात पाहिलेले स्वप्न

पण वायू डोळ्यांना दिसत नाही. मग त्याची गती मोजायची कशी? या प्रश्नाच्या उत्तराची कथा मला फार प्रेरक वाटते.

१९४० साली नेदरलँड्स हा देश नाझी जर्मनीच्या टाचेखाली गेला. ज्यू प्राध्यापकांच्या हकालपट्टीविरुद्ध लायडन विद्यापीठाने आवाज उठवला, तेव्हा जर्मनांनी विद्यापीठच बंद केले. अशा दिवसांत यान ऊर्ट या खगोलशास्त्रज्ञाने हेंड्रिक व्हान दे हुल्स्ट या पंचविशीतील विद्यार्थ्याला एक प्रश्न घातला. अवकाशातील वायू एखाद्या ठरावीक तरंगलांबीच्या रेडिओलहरी सोडत असेल काय? एप्रिल १९४४ मध्ये, देश अजून परतंत्र असताना, त्या तरुणाने उत्तर मांडले. हायड्रोजनच्या अणूतील इलेक्ट्रॉन आपली फिरकी उलटी करतो, तेव्हा २१ सेंटीमीटर लांबीची लहर बाहेर पडते. एकट्या अणूला सोडून दिले, तर असे घडायला सरासरी एक कोटी वर्षांहून अधिक काळ लागेल. पण दीर्घिकेत हायड्रोजन इतका अगणित आहे की, कोट्यवधी अणूंची ही कुजबुज मिळून ऐकू येण्याजोगी हाक होते.

१९५१ साली अमेरिकेत हार्वर्ड येथे हॅरल्ड यूएन आणि एडवर्ड पर्सेल यांनी ती प्रथम ऐकली. पाठोपाठ डच शास्त्रज्ञांनीही ऐकली. आणि त्यासाठी त्यांनी जे यंत्र वापरले, ते जर्मन सैन्याने मागे टाकलेल्या रडारची तबकडी होते. ज्या तबकडीने शत्रू त्यांच्या आकाशावर पाळत ठेवत होता, तिनेच त्यांनी आकाशगंगेचा नकाशा काढावयास घेतला. हार्वर्डच्या मंडळींचा मोठेपणा असा की, त्यांनी एकट्याने घाई केली नाही. दोन्ही शोधनिबंध 'नेचर' या नियतकालिकात एकत्रच प्रसिद्ध झाले.

या लहरीचे दोन मोठे गुण आहेत. ताऱ्यांचा प्रकाश धुळीत अडतो; ही लहर आरपार जाते. आणि दूर जाणाऱ्या आगगाडीची शिट्टी जशी खर्जात उतरते, तशी दूर जाणाऱ्या वायूची लहर किंचित लांबते, जवळ येणाऱ्याची आखूड होते. तेवढ्या फरकावरून वायूचा वेग मोजता येतो.

संचलनाचे कोडे

येथे बसलेल्यांपैकी अनेकांनी संचलन केलेले आहे. रांग वळताना आतल्या टोकाचा स्वयंसेवक जवळजवळ जागच्या जागी पावले टाकतो आणि बाहेरच्या टोकाच्याला लांब ढांगा टाकाव्या लागतात. तेव्हाच रांग सरळ राहते. सूर्यमालेत याच्या उलट घडते. आतला बुध वेगाने धावतो, बाहेरचा नेपच्यून रमतगमत जातो, कारण सूर्याची ओढ अंतराबरोबर कमी होते. दीर्घिकेतही बहुतेक प्रकाश मध्यभागी दिसतो. म्हणून काठावरचा वायू मंदगती असावा, अशी सर्वांची अपेक्षा होती.

१९७० साली वेरा रुबिन आणि केंट फोर्ड यांनी देवयानी दीर्घिकेतील ६७ तेजस्वी वायुमेघांचे वेग प्रसिद्ध केले. मध्यापासून दूर जावे तसा वेग कमी व्हावा, तसे झालेच नाही. तो जवळपास तेवढाच राहिला. पुढे रेडिओ दुर्बिणींनी ताऱ्यांच्या तबकडीपलीकडे पसरलेल्या हायड्रोजनचे वेग मोजले, तेव्हा तेथेही तोच प्रकार. एवढ्या वेगाने धावणारा वायू केव्हाच उधळून जायला हवा होता. ज्या अर्थी तो टिकला आहे, त्या अर्थी त्याला धरून ठेवणारे, पण न दिसणारे असे पुष्कळ द्रव्य तेथे असले पाहिजे. हेच ते कृष्णद्रव्य. विश्वात ते आपल्या परिचयाच्या द्रव्याच्या सुमारे पाचपट आहे आणि ते कशाचे बनले आहे, हे आजही कोणाला सांगता आलेले नाही.

वेरा रुबिन यांच्याविषयी, विशेषतः येथे बसलेल्या भगिनींसाठी, दोन शब्द सांगतो. अमेरिकेतील विख्यात पालोमार वेधशाळेत १९६५ पर्यंत स्त्रियांना अधिकृतपणे निरीक्षणाची परवानगी नव्हती. ती मिळवणाऱ्या पहिल्या त्या. चार मुलांचा संसार सांभाळून त्यांनी हे काम केले आणि चारही मुलांनी विज्ञान-गणितात डॉक्टरेट मिळवली.

बोरघाटातील कोंडी

सर्वांचा वेग सारखा असला की आतले लवकर फेरी पुरी करतात आणि बाहेरचे मागे पडतात. रांग वाकते, पिळवटते. मग दीर्घिकांचे ते सुंदर सर्पिल बाहू काही फेऱ्यांतच गुंडाळले का जात नाहीत? १९६४ साली लिन आणि शू या शास्त्रज्ञांनी जे उत्तर मांडले, ते बोरघाटात अडकलेल्या कोणालाही पटेल. घाटात वाहनांची कोंडी होते. आपण त्यात शिरतो, अर्ध्या तासाने बाहेर पडतो, आपल्या जागी दुसरी गाडी येते. गाड्या बदलत राहतात, कोंडी तेथेच राहते. पुष्कळशा दीर्घिकांचे बाहू ही अशीच कोंडी आहे. फिरणारा वायू तेथे येऊन दाटतो, त्याचे थंड, घट्ट मेघ बनतात आणि त्यांत नवे तारे जन्मतात. म्हणूनच बाहू निळसर, तेजस्वी दिसतात. तो नवजात ताऱ्यांचा उजेड असतो.

मोठे तारे अल्पायुषी असतात. स्फोट होऊन ते आपला वायू तबकडीच्या वर उडवतात. तो कारंज्यासारखा चढतो, थंड होतो आणि परत तबकडीवर पडतो. समुद्राचे पाणी ढग होऊन पुन्हा पावसाने यावे, तसेच हे चक्र. त्या पावसात कार्बन, ऑक्सिजन, लोह ही ताऱ्यांच्या पोटात शिजलेली द्रव्ये असतात. आपल्या रक्तातील लोह याच वाटेने आलेले आहे. अनेक दीर्घिकांच्या मध्यभागी ताऱ्यांचा एक लांबट पट्टा असतो. आपल्याही आकाशगंगेत तो आहे. हा पट्टा फिरता फिरता वायूची गिरकी काढून घेतो आणि वायू हळूहळू केंद्राकडे उतरतो.

आता हिशोब पाहू. आकाशगंगेत दरवर्षी एक-दोन सूर्यांइतक्या वस्तुमानाचे तारे जन्मतात. खर्च लहान दिसतो, पण या गतीने शिल्लक वायू काहीशे कोटी वर्षांत संपेल. इकडे आकाशगंगेतील सर्वांत वृद्ध तारे सुमारे १,३०० कोटी वर्षांचे आहेत. याचा अर्थ उघड आहे. तिजोरीत बाहेरून भर पडत आली आहे. १९६३ साली गेल स्मिथ या लायडनच्या विद्यार्थिनीला असाच एक वायुमेघ सापडला. दहा लाख सूर्यांहून अधिक वस्तुमानाचा हा स्मिथ मेघ आपल्या तबकडीकडे येत आहे आणि सुमारे तीन कोटी वर्षांत तिला येऊन मिळेल.

संगम

भर घालण्याचा दुसरा मार्ग अधिक नाट्यमय आहे. तो म्हणजे दोन दीर्घिकांचे विलीनीकरण.

कराडला कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन मिळतात आणि मिळालेला प्रवाह काटकोनात वळून पूर्वेकडे जातो. प्रीतिसंगमावर उभे राहिल्यावर यातील कोणते पाणी कोणत्या नदीचे, हे सांगता येत नाही. दीर्घिकांच्या संगमात मात्र एक विलक्षण भेद दिसतो. तारे एक प्रकारे वागतात आणि वायू अगदी वेगळ्या प्रकारे.

सूर्य मोहरीच्या दोन मिलिमीटर दाण्याएवढा कल्पिला, तर त्याच्या सर्वांत जवळचा तारा सुमारे ५५ किलोमीटरवर येईल. म्हणजे एक दाणा मुंबईत बोरीबंदरला आणि दुसरा कल्याणला. असे दोन विरळ थवे एकमेकांतून गेले, तर दाण्यावर दाणा कसा आदळणार? तारे आरपार निघून जातात; फक्त त्यांच्या वाटा बदलतात. वायूचे ढग मात्र प्रकाशवर्षांच्या हिशोबात पसरलेले असतात. ते थेट आदळतात, दाबले जातात, तापतात आणि गिरकी गमावून केंद्राकडे कोसळतात. तेथे ताऱ्यांच्या जन्माचा जणू स्फोट होतो आणि केंद्रातील कृष्णविवरालाही खाद्य मिळते.

हे गणित प्रथम मांडण्याचा प्रयत्न स्वीडनच्या एरिक होल्मबर्ग यांनी १९४१ साली केला. तेव्हा संगणक नव्हते. गुरुत्वाकर्षण आणि प्रकाश दोन्ही अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होतात, एवढ्या साम्यावर त्यांनी ७४ दिवे टेबलावर मांडून दोन दीर्घिका कल्पिल्या आणि प्रत्येक ठिकाणचा प्रकाश मोजून ओढ किती हे काढले. १९७२ साली आलार आणि युरी टुम्रे या बंधूंनी संगणकावर दाखवून दिले की, काही दीर्घिकांना दिसणाऱ्या लांबलचक शेपट्या हा अशाच भेटींचा परिणाम आहे.

मग संगमानंतर काय उरते? याचे उत्तर प्रामुख्याने वायूवर अवलंबून असते. दोन्ही दीर्घिकांत वायू थोडा असेल, तर ताऱ्यांच्या वाटा विस्कटून एक गोलसर दीर्घिका उरते. तिला लंबवर्तुळाकार दीर्घिका म्हणतात. तिच्यात वृद्ध, तांबूस तारे असतात. नवे जवळपास जन्मत नाहीत. पण वायू विपुल असेल, तर तो पुन्हा थंड होतो, पुन्हा शिस्तीत फिरू लागतो आणि संगमातून नवी तबकडी उभी राहू शकते.

आपली आकाशगंगा या दुसऱ्या भाग्याची साक्षीदार आहे. युरोपच्या 'गाया' या उपग्रहाने ताऱ्यांच्या ज्या गती मोजल्या, त्यांवरून २०१८ साली असे उघड झाले की, आठशे ते अकराशे कोटी वर्षांपूर्वी एक मोठी दीर्घिका आपल्यात विलीन झाली. तिचे तारे आजही आपल्या वेगळ्या लांबट कक्षांवरून ओळखू येतात; तरीही आकाशगंगेची तबकडी टिकली, वाढली आणि त्यानंतर कित्येक कोटी वर्षांनी तीतच आपला सूर्य जन्मला. धनू राशीतील एक बटू दीर्घिका तर या घटकेलाही आपल्यात मिसळत आहे.

देवयानीचे काय, असा प्रश्न तरुण मित्र हटकून विचारतात. देवयानी आपल्यापासून २५ लाख प्रकाशवर्षांवर आहे आणि सेकंदाला सुमारे ११० किलोमीटर वेगाने जवळ येत आहे. २०१२ मध्ये हबल दुर्बिणीच्या मोजमापांवरून सांगितले गेले की, सुमारे ४०० कोटी वर्षांनी टक्कर निश्चित आहे. २०२५ मध्ये शेजारच्या लहान दीर्घिकांची ओढ हिशोबात घेऊन नवे गणित झाले आणि येत्या हजार कोटी वर्षांत मीलन होण्याची शक्यता जेमतेम निम्मी ठरली. विज्ञानाने आपले जुने विधान लपवले नाही, सुधारून छापले. सार्वजनिक जीवनात वावरणाऱ्या आपल्यासारख्यांनी हा गुण घेण्याजोगा आहे.

खोडदची साक्ष

आता मी आपल्याला शिवनेरीच्या परिसरात नेतो. जुन्नर तालुक्यात, नारायणगावजवळ खोडद येथे ४५ मीटर व्यासाच्या अवाढव्य तबकड्या उभ्या आहेत. मध्यभागी १४ आणि तीन दिशांना दूरवर १६, अशा एकूण ३०. ही 'जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप', म्हणजेच जीएमआरटी.

तिच्यामागे गोविंद स्वरूप या माणसाची चिकाटी आहे. परदेशात काम करणाऱ्या चार तरुण भारतीय शास्त्रज्ञांनी १९६१ साली मायदेशातील संस्थांना पत्र धाडले की, आम्ही परत येऊन रेडिओ खगोलशास्त्राचे काम उभारू इच्छितो. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या होमी भाभांनी होकार कळवला आणि स्वरूप १९६३ मध्ये परतले. ऑस्ट्रेलियाने वापरातून काढलेल्या ३२ लहान तबकड्या भारताला भेट दिल्या होत्या. त्या १९६५ मध्ये कल्याणला उभारून त्यांनी सूर्याचा अभ्यास सुरू केला. १९७० मध्ये उटीला डोंगरउतारावर ५३० मीटर लांबीची दुर्बीण उभी राहिली. आणि मग खोडद. भरीव धातूच्या पृष्ठभागाऐवजी बारीक पोलादी तारांची ताणलेली जाळी वापरली की वारा आरपार जातो, वजन घटते आणि खर्च आपल्या देशाच्या आवाक्यात येतो, ही त्यांची कल्पना. स्वदेशीची याहून चांगली व्याख्या मला ठाऊक नाही. जगात जे चालले आहे ते नीट शिकायचे, आणि मग आपल्या परिस्थितीत आपल्या बुद्धीने उभे करायचे.

या दुर्बिणीने आपल्या आजच्या विषयातील एक मोठे कोडे सोडवण्यास हात दिला. विश्वात तारे जन्मण्याचा वेग सुमारे हजार कोटी वर्षांपूर्वी शिगेला होता. आज तो त्याच्या साधारण एक-दशांश आहे. हा झरा आटला कशामुळे? पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राचे आदित्य चौधरी, निस्सीम काणेकर, जयराम चेंगलूर आणि बंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेतील त्यांचे सहकारी यांनी आठशे कोटी वर्षांपूर्वीच्या दीर्घिकांतील हायड्रोजन मोजायचे ठरवले. इतक्या दूरच्या एकेका दीर्घिकेची हाक ऐकू येणे दुरापास्त. शिवाय ती २१ सेंटीमीटरची लहर प्रवासात ताणून दुप्पट लांब झालेली. म्हणून त्यांनी ७,६५३ दीर्घिकांचे संकेत एकत्र केले. एकट्याचा आवाज पोहोचत नव्हता, सर्वांचा मिळून पोहोचला. त्यातून दिसले की, त्या काळच्या दीर्घिकांत ताऱ्यांपेक्षाही वायूचे वस्तुमान अधिक होते. पण तारे घडवण्याचा वेग इतका होता की, नवी भर न पडल्यास तो साठा शंभर ते दोनशे कोटी वर्षांतच संपावा. भर पुरेशी पडली नाही आणि झरा मंदावला. हा शोधनिबंध ऑक्टोबर २०२० मध्ये 'नेचर'मध्ये आला. गोविंद स्वरूप त्याच वर्षी ७ सप्टेंबरला पुण्यात निवर्तले होते.

त्याच वर्षी जीएमआरटीनेच आणखी एक चमत्कारिक दृश्य दाखवले. एका दीर्घिकेभोवती पावणेचार लाखांहून अधिक प्रकाशवर्षे व्यासाचे हायड्रोजनचे कडे आहे, पण ती दीर्घिका नवे तारे घडवीत नाही. वायू दाराशी आहे. तो आत येत नाही, दाटत नाही. म्हणजे साठा असून भागत नाही. तो प्रवाहात यावा लागतो.

जुना उजेड आणि नवे तारे

बंधू-भगिनींनो, विज्ञानातून समाजाला थेट बोध काढण्यात धोका असतो, हे मला ठाऊक आहे. तारे आपल्याला उपदेश करण्यासाठी फिरत नाहीत. तरीही पत्रकाराच्या सवयीने एक निरीक्षण आपल्यापुढे ठेवतो.

वायू संपलेली दीर्घिका लगेच अंधारत नाही. तिचे वृद्ध तारे पुढे शेकडो कोटी वर्षे तांबूस, शांत प्रकाश देत राहतात. दुरून पाहणाऱ्याला ती भव्यच दिसते, कित्येकदा आपल्या आकाशगंगेहून मोठी आणि अधिक तेजस्वी. फक्त तिच्यात नवा तारा जन्मत नाही. आर्यभट, वराहमिहिर, भास्कराचार्य हे आपले जुने तारे आहेत. त्यांचा प्रकाश खराच आहे आणि त्याचा अभिमान मला कोणापेक्षाही कमी नाही. पण त्यांच्याच उजेडात बसून 'आम्ही तेजस्वी आहोत' म्हणत राहणारा समाज आणि नवे तारे घडवणारा समाज, यांत फरक आहे. भास्कराचार्यांचे खरे वारस सभेत त्यांच्या नावाचा जयजयकार करणाऱ्यांपेक्षा, ७,६५३ दीर्घिकांची कुजबुज एकत्र करणारे आहेत. आपण संघटनेची माणसे आहोत, म्हणून हे अधिक मोकळेपणाने बोलतो. नवी माणसे, नवे ज्ञान बाहेरून येत राहिले आणि ते शिस्तीत सामावून घेता आले, तरच प्रवाह चालू राहतो.

२०२५ साली पुण्याच्याच केंद्रातील राशी जैन आणि योगेश वाडदेकर यांना जेम्स वेब दुर्बिणीच्या चित्रांत एक दीर्घिका सापडली. विश्वाचे वय अवघे १५० कोटी वर्षे होते, त्या काळातील ती आहे. इतक्या लवकर वायूला शिस्त लागून सुबक तबकडी तयार होणार नाही, असा अनेकांचा समज होता. पण येथे तर ३० हजार प्रकाशवर्षे व्यासाची तबकडी, दोन रेखीव सर्पिल बाहू, आणि दरवर्षी सुमारे साठ सूर्यांइतके नवे तारे. इतक्या लवकर ही शिस्त लागली कशी, हा प्रश्न आता जगातील शास्त्रज्ञांपुढे आहे आणि तो पुण्यातून विचारला गेला आहे. त्यांनी या दीर्घिकेला नाव दिले आहे अलकनंदा. देवप्रयागला अलकनंदा आणि भागीरथी मिळतात आणि तेथून पुढे नदीला गंगा म्हणतात.

प्रारंभी मी म्हणालो, नाव कवीचे आणि मोजमाप नंतरचे. येथे क्रम उलटला आहे. आधी आपल्या माणसांनी मोजले आणि मग आपल्या नदीचे नाव दिले. असा अभिमान कोणाकडून उसना घ्यावा लागत नाही आणि कोणी खोडूनही काढू शकत नाही.

पालकांना माझी एकच विनंती आहे. खोडदला राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास गेली अनेक वर्षे विज्ञान प्रदर्शन भरत आले आहे. शिवनेरीवर मुलांना आपण नेतोच. परतताना एकदा वाट वाकडी करून त्या तबकड्याही दाखवा. कोणी सांगावे, त्यांतील एखाद्या मुलाला किंवा मुलीला ती हाक ऐकू येईल.

 वंदे मातरम्!